पावणेतीन मैल

भालचंद्र उपाध्ये हा मोजणारा माणूस. जिना चढताना पायऱ्या मोजी, जेवताना पोळ्या मोजी, आणि स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्याने मांडवाचे खांब मोजले होते, हे त्याची बायको वनमाला आल्यागेल्याला हसून सांगे. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात अर्धी माणसं अंदाजाने बोलतात आणि उरलेली ऐकीव बोलतात, मोजून बोलणारे आपण एकटे, असा त्याचा समज होता. असा समज असलेल्या माणसाला देव एकदा तरी तोंडघशी पाडतो. भालचंद्राची पाळी सन एकतीसच्या उन्हाळ्यात आली.

शहराच्या उत्तरेला कापडाची गिरणी सुरू होऊन काही वर्षं झाली होती. गिरणीने माणसं बोलावली आणि ती दाही दिशांनी आली, पण ती राहतात कुठे हे कुणी विचारलं नाही. कोण मोरारहून चालत येई, कोण किल्ल्याच्या पायथ्याहून, कोण लष्कराच्या पार दक्षिणेच्या टोकाहून. सकाळी सातच्या भोंग्याला फाटक बंद होई ते, दुपारची जेवणाची सुट्टी सोडली तर, संध्याकाळी सहाला उघडे. दिवसभर मागावर उभं राहायचं आणि वर येण्याजाण्याची तीन-तीन तासांची पायपीट. माणसं उभ्या उभ्या पेंगत. अशाच एका पेंगणाऱ्याची दोन बोटं यंत्रात गेली, तेव्हा कुठे मालकांना जाग आली आणि गिरणीच्या भिंतीलगत साठ खोल्यांची चाळ उभी राहिली.

खोल्या साठ आणि माणसं हजारावर. खोली द्यायची कुणाला, यावरून गिरणीत महिनाभर नुसती कुजबुज. प्रत्येक मुकादमाचा एक भाचा होता आणि प्रत्येक मुन्शीचा एक मेहुणा. चाळीचा कारभार दिनकररावांकडे होता. दिनकरराव पूर्वी दरबारच्या नोकरीत होते. बोलत कमी, बघत जास्त, आणि त्यांच्या पांढऱ्या मिशांना गिरणीत सगळे वचकून असत. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "फाटकापासून तीन मैल किंवा त्याहून लांब जो राहतो, त्याला खोली. तीन मैलांच्या आतल्याने चालावं." आणि मोजायचं काम त्यांनी गिरणीच्या ओव्हरसियरला, म्हणजे भालचंद्राला दिलं.

भालचंद्राला आभाळ ठेंगणं झालं. त्याने आपल्या सायकलच्या पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधली. चाकाचा एक फेरा म्हणजे सात फूट. सातशे चौपन्न फेरे झाले की मैल. सायकल हाताने ढकलत, चिंधी वर आली की एक, वर आली की दोन, असं मोजत त्याने सोळा वस्त्या पालथ्या घातल्या. त्या त्या वस्तीतल्या माणसाला विचारी, "कामाला कोणत्या वाटेने जातोस?" आणि त्याच वाटेने मोजी. दोन मुकादम त्याच्या घरी पेढे घेऊन आले, ते त्याने पेढ्यांसकट परत पाठवले. इतकं चोख काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

शेवटी एकच वस्ती उरली, कोरीपुरा. ती त्याच्या घराला लागूनच होती. घरचंच माप, त्यात विचारायचं काय? एका सकाळी कामावर येता येता त्याने ते मोजून टाकलं. पावणेतीन मैल. कोरीपुऱ्यातले अडतीस जण यादीतून गळाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. भालचंद्राच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एका मोठ्या सरदारांची बाग होती. बाग कसली, आंब्याची राई, कुरण, तबेले, मधून वाहणारा नाला आणि नाल्यावर सरदारांचा खासगी पूल. सगळ्याला पुरुषभर उंचीची भिंत. भालचंद्राचे वडील त्या घराण्याचे उपाध्याय. वडील गेले, पूजा थोरल्या भावाकडे गेली, तरी शिंदेशाही पगडी घातलेला उपाध्यांचा मुलगा दिसला की पहारेकरी उठून उभा राही आणि भिंतीतली दिंडी, म्हणजे लहान दार, उघडे. भालचंद्र लहानपणी याच वाटेने शाळेत गेला, मोठेपणी याच वाटेने कामावर. ती कुणाची मेहेरबानी आहे हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही. त्याच्या लेखी तो रस्ता होता, आणि रस्ता म्हटला की सगळ्यांचाच.

यादी फाटकावर लागली. ज्याला हरकत घ्यायची त्याने पंधरा दिवसांत यावं, असं खाली लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी कोरीपुऱ्यातून दुर्गा आली. ती रीळखात्यात कामाला होती. तिचा सासरा शिंद्यांच्या पागेत स्वार होता. पागा मोडली, घोडा गेला, मग सासराही गेला. नवरा कानपूरला काम बघायला गेला होता तो अजून बघतच होता. घरी आंधळी सासू आणि पाच महिन्यांचं मूल.

"साहेब, माझं नाव नाही आलं लिस्टात," ती दारातूनच म्हणाली. "मला जायला डेढ घंटा लागतो, यायला डेढ घंटा. बच्चा लहान आहे. सासला दिसत नाही, तिच्याच्याने तो सांभाळवत नाही. म्हणून जाताना अफूची गोळी चाटवून जाते, म्हणजे दुपारपर्यंत सोतो. इथं खोली मिळाली तर दुपारच्या छुट्टीत दूध पाजून येईन. बस, एवढंच."

भालचंद्राने यादीवर बोट फिरवलं. त्या वेळी कचेरीत चार कारकून होते, आणि चार माणसं ऐकत असली की भालचंद्राच्या जिभेला धार चढे. "बाई, मी कोरीपुऱ्याच्या शेजारी राहतो," तो म्हणाला. "रोज येतो. पावणेतीन मैल, त्यात एक पाऊल जास्त नाही. तेवढ्याला दीड तास लागत असेल तर वाटेत गप्पांची दुकानं जरा कमी थाटत जा."

कारकून हसले. दुर्गा म्हणाली, "साहेब, पण रस्ता तर..."

"रस्ता मला नको शिकवूस. मी चाकाने मोजलाय."

 दुर्गा पदर सावरून निघून गेली. भालचंद्राने संध्याकाळी घरी ही गोष्ट रंगवून सांगितली. वनमाला हसली नाही, पण तिचं लक्ष फोडणीकडे असेल असं त्याला वाटलं.

हरकतींची मुदत संपायला चार दिवस उरले असताना उज्जैनहून तार आली, सख्खे काका वारले. दहा दिवसांचं सुतक. उपाध्यांच्या घरात सुतकाचे नेम कडक होते. डोक्याला पगडी नाही, पायात वहाण नाही, वाहनावर बसणं नाही, दाढी नाही. भालचंद्राने रजा मागितली आणि मिळालीही. पण सहाव्या दिवशी दिनकररावांचा निरोप आला. यादी आज पक्की करायची आहे, मॅनेजरसाहेब सात वाजता येणार आहेत, तेवढी सही करून जावं.

वैशाखाचे दिवस होते. भालचंद्र पाचला घरातून निघाला, अनवाणी, डोक्याला जुना पंचा, गालावर सहा दिवसांचे खुंट. बागेतून चालत गेलं तर सहापर्यंत पोचू, झाडाखाली जरा टेकू, असा त्याचा हिशेब. दिंडीशी तो नेहमीसारखा न थांबता आत शिरायला गेला, तर छातीला काठी आडवी आली.

जुना पहारेकरी गावी गेला होता. हा नवा होता, भिंडकडचा, तरणाबांड. "कहां चले? मजूरों का रास्ता उधर से है," तो म्हणाला.

"मैं उपाध्ये हूं," भालचंद्र म्हणाला. "सरदारसाहब के उपाध्याय का लड़का."

पहारेकऱ्याने त्याला पंच्यापासून अनवाणी पायांपर्यंत पाहिलं. "हां हां," तो म्हणाला. "रोज दो-चार आते हैं. कल एक दीवानजी का दामाद आया था. चलो, पीछे हटो."

भालचंद्राने पुष्कळ सांगून पाहिलं. वडिलांचं नाव सांगितलं, भावाचं सांगितलं, शेवटी रागाने एक संस्कृत श्लोकही म्हटला. पहारेकऱ्याने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, मान डोलावली आणि काठी होती तिथेच ठेवली. मागे कोरीपुऱ्यातली माणसं डबे घेऊन भराभर चालली होती. त्यातलं कुणी दिंडीकडे वळूनही बघत नव्हतं. तिथे वाट आहे हे जणू त्यांच्या गावीच नव्हतं. भालचंद्र भिंतीच्या कडेकडेने त्यांच्या मागून निघाला.

आणि सवयीप्रमाणे पावलं मोजू लागला. शंभर झाली की एक बोट मिटायचं. भिंत संपता संपेना. पश्चिमेला वळली, पुन्हा वळली, मग नाल्याच्या काठाने गेली. नाल्यावर सगळ्यांसाठीचा पूल कुठे, तर पार शहरातल्या फूलबागेच्या अंगाला. दोन्ही हातांची बोटं मिटून झाली, पुन्हा उघडून मिटली, आणि अजून पूलही दिसत नव्हता. तेव्हा त्याला घाम फुटला. उन्हाचा म्हणावा तर ऊन अजून वर आलं नव्हतं.

पुलाच्या अलीकडे त्याच्या टाचेत बाभळीचा काटा शिरला. तो मटकन खाली बसला. बाजूने माणसं जात राहिली. सातच्या आत पोचणाऱ्याला कुणाच्या टाचेकडे बघायला वेळ नसतो. एक बाई मात्र पुढे जाऊन परत आली. दुर्गा.

तिने त्याला ओळखलं. पण आधी काही बोलली नाही, डबा खाली ठेवला आणि त्याचा पाय हातात घेऊ लागली. भालचंद्र मागे सरला. "शिवू नकोस. सुतक आहे मला."

"काटा काढायला कसलं सुतक," ती म्हणाली. केसांतला आकडा काढून तिने टाच कोरली. काटा अर्धा निघाला, अर्धा आत मोडला. "आता धीरे धीरे चला. मी आहे संग."

"तू जा. तुला उशीर होईल."

"तुम्हाला रस्ता माहीत नाही ना," दुर्गा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती सरळ होती तेवढं सांगत होती, आणि म्हणूनच ते भालचंद्राला टाचेतल्या काट्याहून जास्त लागलं.

तो लंगडत चालला आणि ती आपली चाल आवरून त्याच्या बरोबरीने. मधे मधे तिचा हात नकळत पदराखाली छातीशी जाई. बच्चा पहाटे नीट प्यायला नाही, ती म्हणाली, अफूने त्याची भूकच मेली आहे, चोखता चोखता झोपतो. हाक मारली तर बघतो पण हसत नाही. सास म्हणते, गुणी आहे, रडत नाही. "पाच महिन्यांचं लेकरू रडत नाही, ते काय चांगलं आहे, साहेब?"  भालचंद्र बोटं मिटतच राहिला, पण आता प्रत्येक बोट नाइलाजाने. ते रेल्वेचे रूळ ओलांडत असताना सातचा भोंगा झाला.

दुर्गा जागच्या जागी थांबली. पळण्यात अर्थ नव्हता, फाटक अजून बरंच लांब होतं. कामाला लागल्यापासून तिचा एक दिवस चुकला नव्हता, हे तिने त्याला वाटेत सांगितलं होतं. भालचंद्राने पुढची, चाकाने आधीच मोजलेली वाट धरून मनातल्या मनात बेरीज केली. घर ते फाटक, साडेचार मैल.

फाटकाशी पहारेकऱ्याने ओव्हरसियरसाहेबांना सलाम करून आत घेतलं आणि दुर्गेला बाहेर ठेवलं. "तू थांब," भालचंद्र तिला म्हणाला. "माझ्याकडून चूक झाली आहे. मी आत जाऊन सांगतो." हे त्याने मनापासून म्हटलं. त्या घटकेला कुणी त्याची छाती फोडून पाहिली असती तर तिथे हेच सापडलं असतं.

कचेरीत दिनकररावांबरोबर मॅनेजर बसले होते आणि दोन मुकादम भिंतीशी उभे होते. दिनकररावांनी त्याला खुर्ची दिली, टाचेकडे पाहिलं, काकांची विचारपूस केली. मग मॅनेजरकडे वळून म्हणाले, "हे आमचे उपाध्ये. सोळा वस्त्या पायी फिरले. एका माणसाला बोट ठेवायला जागा ठेवली नाही. माप घ्यावं तर यांनी." मॅनेजर उठले आणि त्यांनी भालचंद्रापुढे हात केला. सुतकाचं निमित्त सांगून भालचंद्राने हात जोडले. 

दिनकररावांनी यादी त्याच्या पुढे सरकवली. "काही फेरफार आहे?"

भालचंद्राने तोंड उघडलं. मुकादम त्याच्याकडेच पाहत होते, पेढे परत घ्यावे लागलेले तेच दोघे. मी सरदारांच्या बागेतून मोजलं, हे वाक्य त्याने मनात लावून पाहिलं, आणि त्या दोघांच्या तोंडावर फुटणारं हसू त्याला आधीच दिसलं. उद्या सगळ्या गिरणीत होईल, उपाध्यांचं माप म्हणजे उपाध्यांची वाट. मग त्याला असंही सुचलं, की एक माप खोटं म्हटलं तर सगळीच मापं खोटी ठरतील, साठ गरिबांच्या खोल्या अडकतील, मुकादमांचे भाचे आत शिरतील. भित्र्या माणसाला परोपकार फार लवकर सुचतो.

"नाही," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

बाहेर दुर्गा भिंतीच्या सावलीत बसली होती. त्याला पाहताच उठली. "सांगितलंत?"

भालचंद्राने मान हलवली. हो म्हणून हलवली.

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

तिने दोन पावलं मागे सरून, सुतक पाळून, लांबूनच नमस्कार केला. मग त्याच उन्हात साडेचार मैल परत जायला निघाली. आज लेकराला दुपारी दूध मिळेल, एवढं तरी झालं, असं जाताना म्हणालीसुद्धा.

भालचंद्र टांग्याने घरी आला. सुतकात वाहन चालत नाही, पण त्या दिवशी मोडलेल्या गोष्टींत तेवढं एक फार मोठं नव्हतं. वनमालाने गरम पाण्यात त्याचा पाय बुडवला आणि उरलेला काटा काढला. पहारेकऱ्याचा प्रसंग ऐकून ती म्हणाली, "आपली भांडीवाली रोज तो सगळा फेरा घालूनच तर पलीकडच्या घरी कामाला जाते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला वाटलं, मोजायला गेलात म्हणजे विचारलंच असेल." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या बाईचं नाव घातलंत ना आता यादीत?"

"पाणी फार गरम आहे," भालचंद्र म्हणाला.

खोल्यांच्या किल्ल्या वाटल्या त्या दिवशी तो गिरणीत नव्हता. काकांच्या तेराव्याला उज्जैनला गेला होता, आणि तेरावं झाल्यावर चुलत भावांनी आग्रह न करताही आणखी आठ दिवस राहिला. परत आला तेव्हा चाळीत चुली पेटल्या होत्या, दोऱ्यांवर धुणी वाळत होती. दुपारच्या भोंग्याला माणसं फाटकातून बाहेर पडून चार पावलांवर घरी जेवायला जात होती. चांगलं काम झालं होतं, साठ घरांपुरतं खरोखर चांगलं. भालचंद्र त्या बाजूची खिडकी लावून बसू लागला.

त्याहून वाईट म्हणजे कोरीपुऱ्याची माणसं त्याला राम-राम करू लागली. पूर्वी कुणी करत नसे. दुर्गेने वस्तीत सांगितलं होतं, साहेब स्वतः पायी चालले, पायातून रक्त निघालं, तरी आत जाऊन आपल्यासाठी बोलले. वरच्यांनी ऐकलं नाही, त्याला ते काय करणार. एका म्हाताऱ्या कोष्ट्याने त्याला रस्त्यात अडवून हात जोडले. भालचंद्र मान खाली घालून पुढे गेला. केवढा हा विनय, असं म्हाताऱ्याला वाटलं असणार. शिव्या खाणं परवडलं असतं, हा मान त्याच्या घशाखाली उतरेना.

सही केल्याला महिना होत आला, तेव्हा एका संध्याकाळी गिरणी सुटताना दुर्गा समोर आली. वाळली होती. त्याने विचारायला नको होतं, पण विचारलं, "मूल कसं आहे?"

"आहे," ती म्हणाली. "माझं दूध आटलं, साहेब. दिवसभर कुणी प्यायलाच नाही तर ते राहणार कसं? आता बकरीचं देते, पाणी घालून. पचलं तर पचलं." मग त्याचा चेहरा पाहून तीच त्याची समजूत घालायला लागली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तरी बोललात. आमच्यासाठी इथं कोण बोलतो?"

भालचंद्राला वाटलं, आता जमीन दुभंगावी. ती दुभंगत नसते. "मी बोललो नाही," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी मी आत काहीच बोललो नाही. मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो आणि सही केली. तुला खोटं सांगितलं."

माणसं दोन्ही बाजूंनी जात होती.  दुर्गा ओरडेल, रडेल, निदान तोंड फिरवून थुंकेल, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं. तिने हातातला डबा या हातातून त्या हातात घेतला.

"मग आता सांगा," ती म्हणाली.

"आता काय उपयोग? खोल्या भरल्या."

"पुढच्या साली दुसरी चाळ बांधणार आहेत म्हणतात. तोपर्यंत माझा तर चालायला लागेल, जगला तर. पण तेव्हा कोणा दुसरीचं अंगावरचं असेल." ती निघाली. दोन पावलं जाऊन तिने मागे न बघता विचारलं, "अठ्ठावीस दिवस झाले. गावाहून परत आलात तेव्हापासून रोज दिसत होते मी तुम्हाला, साहेब. एक दिवस तरी..." आणि वाक्य अर्धंच टाकून ती चालू लागली. अंधार पडायच्या आत तिला साडेचार मैल जायचं होतं.

दिवस तिने मोजले होते. भालचंद्राने मोजले नव्हते, आयुष्यात पहिल्यांदा.

तो तसाच माघारी वळला आणि दिनकररावांच्या खोलीत गेला. ते घरी निघायच्या तयारीत होते, काठी हातात घेतली होती. भालचंद्राने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाग, दिंडी, पगडी, पहारेकरी, दुर्गा आणि तिचं मूल, अडतीस माणसं, साडेचार मैल, सही.  नोकरी जाईल, निदान सगळ्या गिरणीसमोर फजिती होईल, याची त्याने तयारी केली होती. तीच तयारी महिन्यापूर्वी का झाली नाही, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

दिनकरराव काठी टेकवून परत खुर्चीत बसले. 

"तुमच्या मापात अजून दोन चुका होत्या," ते शांतपणे म्हणाले. "मोरारच्या बाजूच्या. मी माणूस पाठवून बघून घेतल्या होत्या. कोरीपुऱ्याला नाही पाठवला, तो तर तुमच्या दारचा. त्या दिवशी यादी दुपारी चारपर्यंत इथे माझ्या टेबलावर होती. मॅनेजर गेल्यावर पाच नावं मी माझ्या हाताने घातली, पाच काढली. तुम्हाला बोललो नाही, तुमच्या घरी सुतक होतं. माप चुकतं माणसाचं, त्यात काय एवढं. आणि पोरवाल्या बाईला पहिली खोली दिली असती, त्याला कुणाची ना होती?"

त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला, पण भालचंद्र बसला नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला," दिनकरराव म्हणाले.

"हो," भालचंद्र म्हणाला. "विचारलं होतंत."